बातम्यांचं गाणं

"ते झालं. आणि घरी कोण होतं?"

आमच्या संगीताच्या बाईंचा हा प्रश्न ज्याने ऐकला नाही, तो आमच्या शाळेत कधी आलाच नाही असं खुशाल समजा. कोणी कितीही मोठी गोष्ट सांगो, बाई ती शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या, चष्मा डोक्यावर सरकवायच्या आणि हे विचारायच्या. अमक्याने हिमालय चढला. ते झालं, घरी कोण होतं? तमकी बोर्डात पहिली आली. ते झालं, डबा कोण करून देत होतं? एकदा मोठे साहेब शाळा तपासायला आले आणि आपण खेड्यातून कसे वर आलो ते स्टाफरूममध्ये रंगवून सांगायला लागले. आम्ही सगळे माना डोलावत होतो. बाईंनी त्यांनाही सोडलं नाही. साहेबांनी हातातली फाइल मिटली. "थोरली बहीण होती," म्हणाले. मग बराच वेळ त्या बहिणीबद्दलच बोलत बसले आणि तपासणी राहिली बाजूला.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना बातमीपेक्षा बातमीच्या मागचं घर जास्त दिसतं. पण आमच्या बाईंसारखी तोंडावर विचारणारी क्वचितच पाहिली असेल.

मी त्याच शाळेत मराठी शिकवते. बरकतपुऱ्यात आमची शाळा आहे, जुनी, आता बारावीपर्यंतची. हैदराबादेत अकरावी-बारावीच्या पोरांना मराठी शिकवणं काय असतं, ते माझं मला माहीत. वर्गातली निम्मी मुलं तेलुगू घरातली. उरलेली मराठी घरातली खरी, पण घरी दखनीत "हौ" आणि "नक्को" करत वाढलेली. बोलतात झकास. वाचायला दिलं की घाम फुटतो. बाई माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. माणसांना त्या त्यांच्या विषयाच्या नावाने हाक मारायच्या. "काय केमिस्ट्री, आज उशीर?" "अग मराठी, चहा सांगितलास का?" मी इतकी वर्षं त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकलं नाही, आणि खरं सांगते, मला कधी ते खटकलंही नाही.

बाई निवृत्त व्हायच्या वर्षी आमच्या संस्थेच्या सेक्रेटरींना एक कल्पना सुचली. ते मुलाकडे परदेशी जाऊन आले होते आणि तिथे त्यांनी कुणाच्या तरी आयुष्यावरचं गाण्यांचं मोठं नाटक पाहिलं होतं. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, की वर्धापनदिनाला आपण गुरुजींवर म्युझिकल करायची.

गुरुजी म्हणजे आमच्या शाळेचे संस्थापक. ऑफिसात त्यांचा हार घातलेला मोठा फोटो आहे. निजामाच्या काळात, जेव्हा इथे मराठीतून शिकणंच मुश्किल होतं, तेव्हा त्यांनी दारोदार फिरून मुली गोळा केल्या आणि स्वतःच्या ओसरीवर शाळा काढली. लोकांनी शिव्या दिल्या, शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं, गुरुजी हटले नाहीत. हे सगळं आमच्या प्रत्येक मुलाला पाठ असतं, कारण दरवर्षी भाषणात तेच असतं.

"जाता जाता तुमच्या हातून एक मोठं काम होऊ दे," सेक्रेटरी बाईंना म्हणाले. बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मराठी लिहील. मी चाली लावते." मला कोणी विचारलंही नाही.

बाईंच्या तालमी बघायला खरंच तिकीट लावायला हवं होतं. त्यांचा एक नियम होता, रिकाम्या हाताने गायचं नाही. मुलं नुसती उभी राहिली की छातीवर हात बांधतात नाहीतर मोबाइलकडे बघतात, आणि आवाज घशातच राहतो, असं त्यांचं म्हणणं. "घरात कधी कोणी हात जोडून गातं का? बायका दळताना गायच्या, निवडताना गायच्या. तुमचे हात कामात असले, की गळा आपोआप मोकळा होतो." म्हणून प्रत्येकाने घरून काहीतरी काम आणायचं. थंडीचे दिवस होते, मटार स्वस्त झाले होते. बारावी सायन्सची धिप्पाड मुलं गोल करून बसायची आणि मटार सोलत सोलत कोरस म्हणायची. कोणी तांदूळ निवडायचं, कोणी मेथी. संध्याकाळी सोललेले मटार डब्यात भरून घरोघर परत जायचे. दोन-चार आयांनी मला थांबवून विचारलं, की ही तालीम वर्षभर ठेवता येणार नाही का.

सगळेच खूश होते असं नाही हं. आमच्या हैदराबादेत बारावीचं पोर म्हणजे कोचिंगवाल्यांच्या ताब्यातला जीव. एकाचे वडील तणतणत आले. "मेरे बच्चे को इंजिनियर बनाना है मॅडम, मटर छीलने कायकू बिठाए?" बाईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारलं, "घर में खाना कौन बनाता?" ते म्हणाले, "इसकी माँ." "उनकू कभी गाते सुने क्या?" ते गृहस्थ कपात बघायला लागले. चहा पिऊन गेले, आणि मुलगा तालमीत राहिला.

गुरुजींचं काम साईकिरणला मिळालं. घरी तेलुगू, पण सगळ्या शाळेत त्याच्यासारखा आवाज नाही. माझी सगळी वाक्यं त्याने तेलुगू लिपीत लिहून घेतली होती. शब्द इतके स्वच्छ उच्चारायचा, की आमची मराठी घरातली पोरं लाजायची. लाजायची म्हणजे काय, तेवढ्यापुरतं.

पहिल्या आठवड्यात दोन गाणी बसली, आणि बाईंनी तो प्रश्न मला विचारलाच. "मराठी, हे सगळं झालं. गुरुजींच्या घरी कोण होतं?"

मला तेवढं माहीत होतं. गुरुजींची बायको लवकर गेली. म्हातारी आई होती. आणि एकच मुलगी. ती मुलगी अजून आहे, नल्लकुंट्याला नातवाकडे राहते, नव्वदी ओलांडलेली. सगळे तिला अक्का म्हणतात. आमच्या कुठल्याही भाषणात अक्कांचा उल्लेख नसतो. वर्धापनदिनाला त्यांना पहिल्या रांगेत बसवून नारळ देतात, तेवढंच.

बाई मला घेऊन दुसऱ्याच दिवशी नल्लकुंट्याला गेल्या. अक्का खिडकीशी बसल्या होत्या. बारीक, ताठ, हातात काठी. नातसुनेने चहा आणि बिस्किटं आणली. बाईंनी आधी घरी कोण कोण होतं ते विचारलं, मग म्हणाल्या, "अक्का, तुम्ही गुरुजींच्या शाळेत कुठवर शिकलात?"

"तिसरीपर्यंत," अक्का म्हणाल्या. "मग लग्न झालं. तेरावं लागलं होतं मला. आजीनं ठरवलं."

"आणि गुरुजी?"

"बाबा काही बोलले नाहीत."

एवढं अगदी सहज सांगून त्यांनी आम्हाला बिस्किट घ्यायचा आग्रह केला. त्यांना ऐकायला कमी येत होतं, लवकर थकायच्या, म्हणून आम्ही फार वेळ बसलो नाही.

परत येताना आम्ही एका इराण्याकडे चहाला थांबलो. बाई बोलतच नव्हत्या, आणि बाई बोलत नाहीत म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे मला कळत होतं. मग माझ्या मनात आलं, की ह्या बाई अख्ख्या जगाला विचारतात, पण ह्यांना कोणी विचारलंय का? मी विचारलं. "बाई, आणि तुमच्या घरी कोण होतं?"

"माझ्या घरी पेटी होती," बाई म्हणाल्या. कपातला चहा त्यांनी उगीचच ढवळला. "आणि एक मुलगी होती. ती शेजारच्या रेड्डीबाईंकडे जेवायची."

नवरा लवकर गेल्यावर बाईंनी शाळा सुटली की गाण्याच्या शिकवण्या धरल्या होत्या, हे मला ठाऊक होतं. हिमायतनगर, नारायणगुडा, पार सिकंदराबादपर्यंत. लोकांच्या मुली गात्या केल्या. स्वतःची मुलगी घरी किल्ली लावून आत यायची, शेजारी जेवायची आणि झोपायची. ती आता बेंगळुरूला मोठ्या नोकरीत आहे. सणावाराला फोन करते, दोघी हवापाण्याचं बोलतात आणि ठेवतात. "ती गात नाही," बाई म्हणाल्या. "कोणी गाणं लावलं तरी उठून जाते. मी तिला कधी म्हटलं नाही, की माझं चुकलं. कसं म्हणायचं ते येत नाही ग मला. तोंडाने येत नाही. गाण्यात घालीन. अक्कांचं गाणं करू आपण, आणि तिला बोलावते ऐकायला."

असं ते गाणं झालं. शब्द माझे म्हणायला, पण मला लिहायला बसवून बाईंनीच ते काढून घेतले. लग्नाचा शालू नेसलेली मुलगी शाळेच्या दाराशी उभी आहे, आतून दुसऱ्यांच्या मुलींचे पाढे ऐकू येताहेत, आणि ती म्हणते:

गावच्या लेकी शाळेत गेल्या,
बाबा, तुमची सासरी गेली.

वैष्णवी म्हणून अकरावीची एक मुलगी आहे, एरवी तिचा आवाज शेजारच्या बाकालाही ऐकू जात नाही. तिने ते गाणं पहिल्यांदा पूर्ण म्हटलं तेव्हा मटार सोलणारे हात थांबले. माझे डोळे भरून आले, लपवत नाही. बाई पेटीवर मान खाली घालून बसल्या होत्या. त्याच संध्याकाळी त्यांनी मुलीला फोन केला. ती "बघते" म्हणाली. बाई दोन दिवस त्या "बघते"वरच जगल्या. "नाही म्हणाली नाही, मराठी. बघते म्हणाली."

आणि मग सेक्रेटरी तालीम बघायला आले.

ते शेवटपर्यंत शांत बसले, आणि उठून म्हणाले, "हे गाणं काढून टाका. आपण गुरुजींचा गौरव करतोय की त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतोय?"

"खोटं आहे का ते?" बाईंनी विचारलं.

"खरं-खोटं हा प्रश्न नाही."

"मग गाणं निघालं तर पेटीही निघाली," बाई म्हणाल्या. "मला काय करणार तुम्ही? मी मार्चमध्ये जातेच आहे."

दोघेही हट्टी. मुलं गोंधळून बघत राहिली. शेवटी प्रिन्सिपलनी मध्यम मार्ग काढला. गाणं ज्यांच्यावर आहे त्या अजून आहेत. अक्कांना बोलावू, ऐकवू. त्यांची हरकत नसेल तर गाणं राहील, असेल तर जाईल. सेक्रेटरींना ते पटलं. बाईंना तर आनंदच झाला. अक्का आपल्या बाजूच्या, ह्याविषयी त्यांच्या मनात तिळभरही शंका नव्हती. माझ्याही नव्हती.

अक्कांना नातवाने गाडीतून आणलं. पेटीच्या अगदी जवळ खुर्ची ठेवली, म्हणजे ऐकू यावं. वैष्णवी गायली, आणि फार सुंदर गायली. अक्का काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होत्या.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पोरीचा गळा गोड आहे. पण हे नका ठेवू."

सेक्रेटरींनी खुर्चीत टेकून सुटकेचा श्वास सोडला. बाईंचा चेहरा मला बघवेना.

"अक्का, पण हे झालंय ना तुमच्यावर?" बाई म्हणाल्या. "त्यांनी गावाला शिकवलं आणि तुम्हाला नाही."

"झालंय की. बाबांचं चुकलं. त्यांना ते कळत नव्हतं असं वाटतं का तुम्हाला?" अक्का जरा थांबल्या, धाप लागत होती. "पण तुम्ही मला दारातच सोडून दिलंत. शालू नेसवला आणि तिथेच उभी केलीत. तुम्ही विचारलंत आमच्या घरी कोण होतं. माझ्या सासरी कोण यायचं, ते नाही विचारलंत."

"कोण यायचं?" बाईंनी विचारलं.

मग अक्कांनी जे सांगितलं, ते आम्ही सगळ्यांनी जमिनीवर बसून ऐकलं. सेक्रेटरीसुद्धा.

अक्कांचं सासर सुलतानबाजारात. सासरे वकील, जुने, सगळं शिक्षण उर्दूतलं. मराठी बोलायचे, पण वाचायला बसले की अक्षराला अक्षर जुळवत बसायचे. गुरुजी दर रविवारी सायकलवरून यायचे. मुलीशी बोलणं शक्य नव्हतं. सासरच्या माणसांसमोर बापाने लेकीशी काय बोलायचं? शिवाय लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, ही रीत. तर गुरुजी ओसरीवर व्याह्यांच्या शेजारी बसायचे आणि पुण्याहून आलेला, दोन दिवसांचा शिळा मराठी पेपर त्यांना वाचून दाखवायचे. मोठ्याने. एक एक शब्द सोडवून.

"सासऱ्यांना वाटायचं, आपल्यासाठी वाचताहेत," अक्का म्हणाल्या. "मी आत भाकऱ्या थापत असायची. एखादा शब्द कळला नाही की मी परात वाजवायची. मग बाबा तीच बातमी परत वाचायचे, दुसऱ्या सोप्या शब्दांत घालून. सासरे म्हणायचे, व्याही, हे आत्ताच झालं की वाचून. बाबा म्हणायचे, असं का? वय झालं हो माझं. तेव्हा चाळिशीचे असतील." अक्का हसल्या. "उन्हाळ्यातसुद्धा यायचे. घसा सुकायचा, आवाज फाटायचा, पाणी प्यायचे नाहीत. मी जे काही शिकले ना, ते तिथे, चुलीपुढे. पुढे मला मुलगा झाला, तेव्हा मीच पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. सासऱ्यांसमोर. बाबांनी पेपर खाली ठेवला आणि सगळा तांब्या संपवला."

साईकिरणने हळूच विचारलं, "अक्का, पेपरात काय असायचं?"

"काय असणार? कापसाचा भाव. पुलाचं काम. कुठे पूर आला." अक्का उठायला लागल्या. "त्यांचं चुकलं तेही दाखवा. पण चुकल्यावर ते काय करत होते, तेही दाखवा की."

त्यांना गाडीत बसवून बाई आत आल्या. मला वाटलं, आता ह्या चिडणार. त्या पेटीपुढे बसल्या, भाता उघडला, मिटला. "मराठी," त्या म्हणाल्या, "मी चुकीचं गाणं केलं ग. माझंच गाणं मी त्या म्हातारीच्या तोंडी घातलं." मग डोळे पुसले, चष्मा लावला आणि मला म्हणाल्या, "लिही. कापसाचा भाव."

दिवस थोडे उरले होते. पण मुलांनी त्या गाण्यावर जी मेहनत केली, ती त्यांनी माझ्या विषयावर केली असती तर मी पेढे वाटले असते. ओसरीवर गुरुजी आणि व्याही, मध्ये पडदा, आत वैष्णवी परात घेऊन. गुरुजी बातम्या गाऊन वाचतात:

तांदूळ महाग झाला हो, कापसाला भाव नाही,
पुलाचं काम चालू आहे, पुराचा ठाव नाही.

आतून परात वाजते. गुरुजी तेच पुन्हा म्हणतात, सोपं करून, सावकाश. ह्याहून जास्त त्यात काही नव्हतं. वर्तमानपत्रातल्या कोरड्या बातम्यांना बाईंनी जी चाल लावली होती, ती ऐकून मला माझे वडील आठवले. आता का ते विचारू नका. सेक्रेटरी रोज तालमीला यायला लागले आणि एक दिवस घरून मटारही घेऊन आले.

वर्धापनदिनाच्या दिवशी शाळेच्या मैदानावर मांडव होता. पहिल्या रांगेत अक्का, आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बाईंनी आपली शाल टाकून ठेवली होती. मुलीसाठी. मला म्हणाल्या, "विमान संध्याकाळचं असेल. उशीर होतोच." नाटक सुरू झालं, गुरुजींनी दारोदार फिरून मुली गोळा केल्या, पहिली गाणी टाळ्या घेऊन गेली. मी विंगेतून बघत होते. खुर्चीवर शालच होती.

बातम्यांचं गाणं सुरू झालं. साईकिरणने कापसाचा भाव म्हटला, पुलाचं काम म्हटलं. वैष्णवीने परात वाजवली, त्याने परत म्हटलं, लोक हसले. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. तो पुराच्या बातमीवर आला, आणि पहिल्या रांगेतून ठक ठक आवाज आला. अक्कांनी काठी आपटली होती.

मांडवात कोणाला काही कळलं नाही. साईकिरणला मात्र कळलं. तो एक क्षण थांबला, विंगेत बाईंकडे बघितलं. बाईंनी पेटीवरचा एक हात उचलून खूण केली, परत. आणि तो पोरगा पुढे येऊन, पडद्याकडे पाठ करून, सरळ अक्कांकडे बघत पुराची बातमी परत म्हणायला लागला. सावकाश, एक एक शब्द सोडवून. अक्कांनी पुन्हा काठी आपटली. त्याने तिसऱ्यांदा म्हटली. व्याह्याचं काम करणारा मुलगा हुशार, तो म्हणाला, "व्याही, हे आत्ताच झालं की वाचून." सगळा मांडव हसत होता आणि सगळा मांडव डोळे पुसत होता. मी तर पदर तोंडात धरून उभी होते.

नाटक संपल्यावर गर्दीतून वाट काढत बाई अक्कांपाशी गेल्या, वाकून नमस्कार केला. अक्कांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग शेजारच्या खुर्चीकडे बघितलं. "इथे कोण येणार होतं?"

"माझी मुलगी," बाई म्हणाल्या. "आली नाही. खूप राग आहे तिचा माझ्यावर."

"मी तरी कुठे जात होते?" अक्का म्हणाल्या. "बाबाच यायचे."

बाईंनी खुर्चीवरची शाल उचलली आणि त्या तिथेच बसल्या. लोक अभिनंदन करायला येत होते, बाई मान हलवत होत्या, पण काही ऐकत होत्या असं मला वाटलं नाही.

त्या मार्चपर्यंत थांबल्या नाहीत. रजा शिल्लक होती, ती टाकली. चार दिवसांनी मी त्यांना काचीगुड्याला बेंगळुरूच्या गाडीवर सोडायला गेले. घराची किल्ली त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिली. एकच पिशवी होती. पेटी नव्हती. "पेटी बघितली तर दार लावून घेईल," म्हणाल्या. सेक्रेटरींशी भांडणारी, बापांना चहा पाजून गप्प करणारी ही बाई, फलाटावर पिशवीचा बंद सोडत होती आणि परत बांधत होती.

"तिला कळवलंय?" मी विचारलं.

"नाही. कळवलं तर म्हणेल, बघते." मग जरा वेळाने म्हणाल्या, "दार उघडलंच नाही तर ग?"

"तर बाहेर बसा आणि पेपर वाचा," मी म्हटलं.

त्या इतक्या हसल्या, की शेजारची माणसं बघायला लागली. गाडी सुटायच्या आधी खिडकीतून हात काढून त्यांनी खरोखरच पेपर विकत घेतला. तेलुगू होता, दुसरा नव्हता.

मग त्यांचा फोन आला नाही. मीही केला नाही, धीर झाला नाही. त्यांच्या जागी तात्पुरती एक मुलगी आली, कीबोर्ड वाजवते, बरी आहे. निरोपसमारंभाचा नारळ आणि साडी ऑफिसच्या कपाटात पडून राहिली. मुलं विचारायची, "मॅडम, बाई कब आते?" मी म्हणायचे, येतील. परीक्षा आल्या आणि गेल्या, बारावीचे सगळे आपापल्या कोचिंगात गडप झाले. अक्कांनी दोनदा निरोप पाठवून बाईंची चौकशी केली. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

एप्रिलमध्ये एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मॅडम, मी बेंगळुरूहून बोलते," एका बाईचा आवाज म्हणाला, आणि तिने आपण कोणाची मुलगी ते सांगितलं. "आईच्या हिमायतनगरच्या घराची किल्ली तुमच्याकडे आहे ना? घर सोडायचंय. सामान पाठवायला मदत कराल का?"

मागे कुकरची शिट्टी झाली, आणि बाईंचा आवाज आला, "अग, तीन झाल्या, गॅस बंद करू का?" मुलगी तिकडे तोंड करून म्हणाली, "नको आई, अजून एक. कितीदा सांगायचं तुला?" चिडली होती. आई रोज घरात असल्यावर जसं चिडतात तशी.

"काय काय पाठवू?" मी विचारलं.

तिकडे चौथी शिट्टी झाली.

"सगळंच," ती म्हणाली. "पेटीसुद्धा."

संध्याकाळी मी हिमायतनगरला गेले. भांडी, पुस्तकं, कपडे पॅकिंगवाल्या माणसांवर सोपवले. पेटी मात्र मी स्वतः दोन गोधड्यांत गुंडाळली, भाता नीट बांधला, आणि ती गाडीत चढेपर्यंत रस्त्यावर उभी राहिले.